रानात राहायला कुणाला विचारायचं?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाला, ॲपलेशियन डोंगररांगेत पिस्गा नॅशनल फॉरेस्ट हे सरकारी जंगल आहे. तिथे बऱ्याच भागांत तंबू ठोकून रात्र काढायची तर पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, आधी बुकिंगही करावं लागत नाही. भाड्याची कॅम्पग्राउंड्स आहेतच. तिथे नळ असतो, संडास असतो, लाकडी टेबल-बाक असतात. मी म्हणतेय ते त्याच्या पलीकडचं. इकडे त्याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. नकाशा बघून जंगलात शिरायचं, नियमात बसेल अशी जागा शोधायची आणि राहायचं. पाणी ओढ्याचं, संडास आपण खणलेल्या खड्ड्याचा, उजेड आपला, कचरा आपला. सर्वसाधारणपणे एका ठिकाणी 14 दिवसांपर्यंत राहता येतं, मग हलायचं.

आम्ही याच राज्यातल्या शार्लट शहरात राहतो. शुक्रवारी ऑफिसातून जरा लवकर निघालं की अंधार पडायच्या आत डोंगरात पोचतो. मी आणि नवरा काही वर्षं हे करतोय, आणि अजूनही डांबरी रस्ता संपून खडीचा रस्ता लागला, फोनची रेंज गेली, की माझे खांदे आपोआप खाली येतात. मात्र यातलं खरं अप्रूप काय आहे ते मला बाबांमुळे कळलं.

2024 च्या मे महिन्यात आईबाबा आमच्याकडे होते. बाबा संगमनेरचे, निवृत्त शिक्षक. अकोले तालुक्यातले डोंगर त्यांनी तरुणपणी पायाखाली घातलेले. आईने येणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं, फक्त निघताना विचारलं, “वॉचमन तरी असतो ना गं तिथं?” बाबा गाडीत बसले आणि अर्ध्या रस्त्यात त्यांचे प्रश्न सुरू झाले.

“पावती कुठे फाडायची?”

“नाही लागत.”

“मग गेटवर नाव सांगायचं?”

“गेटच नाही, बाबा.”

“आणि गार्ड आला तर?”

“आला तर चौकशी करेल. विस्तव नीट लावलाय का बघेल. पुढे जाईल.”

बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा प्रश्न भित्रेपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. आपल्याकडे राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं, विस्तव पेटवणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यात तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 मध्ये झालं. बाबांनी हरिश्चंद्रगडाच्या गुहेत घोंगडीवर काढलेल्या रात्री त्याआधीच्या. त्यांच्या डोक्यात रान म्हणजे आधी मोकळं असलेलं आणि मग बंद झालेलं.

इथल्या मोकळीकीलाही नियम आहेत, आणि बरेच आहेत. पिस्गाच्या ज्या भागात आम्ही जातो तिथे रस्त्याकडेला कुठेही गाडी लावून तंबू ठोकता येत नाही. तंबूचं चित्र असलेली छोटी तपकिरी पाटी असेल तिथेच राहायचं. दुसरीकडे कुठे राहायचं तर पाठीवर सॅक घेऊन रस्त्यापासून चांगलं आत चालत जायचं. पाण्यापासून 200 फूट लांब, म्हणजे साधारण सत्तर पावलं. शौचाचा खड्डाही पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून तेवढाच लांब, चांगला वीतभर खोल, आणि उठताना मातीने बुजवायचा. कागद पिशवीत बांधून परत न्यायचा. सरपण म्हणून जमिनीवर पडलेलं वाळकं लाकूडच वापरायचं. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, आणि शहरातून लाकूड आणायचं नाही, कारण त्याच्या सालीतून कीड येते.

कीड म्हणजे काय करू शकते ते जागा निवडतानाच दिसतं. तंबू ठोकण्याआधी मी जमीन नंतर बघते, आधी मान वर करते. या ओढ्यांच्या काठी हेमलॉक नावाची सदाहरित, अंधार धरणारी झाडं होती. जपानकडून आलेल्या, पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या एका बारीक किडीने त्यांचा रस शोषून ती उभीच्या उभी मारली. आता त्यांचे राखाडी सांगाडे तसेच उभे आहेत आणि वारा नसतानाही त्यांची फांदी खाली येऊ शकते. त्याआधी शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकन चेस्टनट असाच गेला. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची बुरशी पहिल्यांदा दिसली आणि पुढच्या काही दशकांत पूर्वेकडचे अब्जावधी वृक्ष संपले. बाबांनी एका हेमलॉकच्या बुंध्यावर हात ठेवला, वर बघितलं आणि तंबूची पिशवी उचलून स्वतःच वीस पावलं बाजूला नेली.

जेवणाचं वेगळंच शास्त्र आहे, कारण या जंगलात काळी अस्वलं आहेत. अस्वलाला वासाने कळतं. त्यामुळे खाणं सगळं एका जाड, गोल डब्यात भरायचं, ज्याला पंजा कुठे अडकत नाही. काही भागांत हा डबा सक्तीचाच आहे. रात्री तो तंबूपासून शंभरेक पावलं लांब ठेवायचा. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम हेही त्यातच. मी रानात फोडणी करत नाही. हिंग-लसणाचा वास कपड्यांना आणि तंबूला धरतो. घरून भाजके पोहे, दाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, भाजणीचं पीठ असं नेते. त्या रात्री भाजणीची उकड केली. बाबा म्हणाले, “तेल लागतंय थोडं.” पण दोनदा वाढून घेतली.

आमचा खरा वाद झाला तो झोपायच्या वेळी, विस्तवावरून.

शेकोटी बसली होती. बाबांनी काठीने निखारे गोळा केले आणि सवयीने वरून राख ओढली, हलक्या हाताने, जशी झोपलेल्या मुलावर चादर ओढावी. मी पाण्याची पिशवी घेऊन आले तर त्यांनी हात आडवा केला. “अगं, राहू दे. सकाळी फुंकर घातली की लागेल. तुझी आजी रात्रभर विस्तव असाच जपायची. आगपेटीला पैसे कुठे होते?” मी म्हटलं, इथे असं चालत नाही. त्यांना ते आवडलं नाही. पाणी ओतलं की चर्र करून वाफ उठते, राखेचा चिखल होतो, आणि ते बघताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वाया गेल्याचा भाव होता.

मग मी त्यांना हात लावायला लावला. नियम असा आहे: पाणी ओतायचं, काठीने तळापासून ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि उलट्या हाताने चाचपून बघायचं. ऊब लागली तर पुन्हा पाणी. पहिल्या पाण्यानंतर वरून सगळं काळं आणि मेलेलं दिसत होतं, पण खालच्या थरात बोट नेलं तर चटका बसत होता. इथल्या जमिनीवर पानांचा जाड थर असतो, कुजलेल्या मुळांचं जाळं असतं. त्यातून आग जमिनीखालून धुमसत जाऊन काही तासांनी भलतीकडेच वर येऊ शकते. आजीला जे ठाऊक होतं, की राखेखाली विस्तव मरत नाही, त्याच ज्ञानावर इथल्या वनखात्याचा नियम उभा आहे. बाबा मास्तरच. हे पटल्यावर पुढचं पाणी त्यांनीच आणलं, आणि राख अगदी थंड होईपर्यंत त्यांनीच ढवळलं.

आणि दिवे मालवल्यावर काजवे आले.

मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला या जंगलात ब्लू घोस्ट नावाचे काजवे असतात. ते लुकलुकत नाहीत. एक सलग, निळसर पांढरा उजेड घेऊन जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवरून संथ तरंगत जातात, अर्धा मिनिट, कधी मिनिटभर, आणि मग विझतात. उतारावर नेच्यांमधून असे दहा, वीस, मग मोजता येऊ नयेत इतके. उडणारे सगळे नर असतात. माद्यांना पंखच नसतात. त्या पालापाचोळ्यात बसून अंगातून अंधूक प्रकाश देतात. म्हणून या दिवसांत वाट सोडून एक पाऊलही टाकायचं नाही, कारण जिथे पाऊल पडेल तिथे मादी असू शकते. जिला उडता येत नाही ती दुसऱ्या उतारावर जाऊन वाढू शकत नाही. एका जागची तुडवली गेली की त्या जागेवरचा उजेड संपतो.

बाबा कुजबुजले, “आपले झाडावर असतात. अख्खं झाड पेटतं आणि विझतं. हे खालून चाललेत.” भंडारदऱ्याला त्याच दिवसांत, पावसाच्या तोंडावर, हिरड्या-बेहड्याच्या, सादड्याच्या झाडांवर काजवे भरतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मग स्वतःच म्हणाले, “आता आपल्याकडे गाड्यांच्या दिव्यांत दिसत नाहीत.” काजव्यांच्या हंगामात शनिवारी रात्री तिथे गाड्यांची रांग लागते, लोक झाडाखाली टॉर्च घेऊन शिरतात. आपल्याकडच्या काजव्यांचीही अंडी-अळ्या जमिनीतच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत गेलो. रोडोडेंड्रॉनची झुडपं इथे कारवीसारखी दाट माजतात, वाकून जावं लागतं. त्यातून बाहेर पडलो तर एका सपाट जागी दगडाचं धुराडं उभं होतं. घर नाही, भिंत नाही, नुसतं धुराडं आणि पायरीचा एक चिरा. बाबा थांबले. आजूबाजूची जमीन बघितली, पाणी किती लांब आहे ते बघितलं, ऊन कुठून येतं ते बघितलं. “इथं कुणीतरी शहाण्या माणसाने घर बांधलं होतं,” ते म्हणाले. आणि मग, “ती माणसं कुठे गेली?”

मी इतकी वर्षं या जंगलात येतेय, पण हा प्रश्न मी इतक्या सरळ कधी विचारला नव्हता. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो पहिल्यांदा पडतो, कारण आपलं रान कधी रिकामं नसतंच. हरिश्चंद्रगड म्हणजे पाचनई, रतनगड म्हणजे रतनवाडी. मुक्काम म्हणजे कुणाची तरी पडवी, नाहीतर देऊळ, नाहीतर गुहा, आणि गुहेतही खालच्या वाडीतल्या महादेव कोळ्याने आणून दिलेलं दूध. इथली शांतता मला आवडते, पण ती आपोआप झालेली नाही.

हा सगळा मुलूख चेरोकी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा. 1838 मध्ये अमेरिकी सैन्याने सुमारे 16,000 चेरोकींना घरांतून काढून पश्चिमेकडे हाकललं. हजारो माणसं छावण्यांत आणि वाटेत मेली. काही डोंगरांत टिकून राहिले, त्यांचे वंशज आजही इथून पश्चिमेला क्वाला बाउंड्री नावाच्या त्यांच्या जमिनीवर आहेत. चेरोकींच्या जमिनीवर डोंगरी शेतकरी आले, ते धुराडं बहुधा तशाच कुणाचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज व्हँडरबिल्ट या धनाढ्य माणसाने हजारो एकर जमीन विकत घेतली. लाकूड कंपन्यांनी आसपासचे डोंगर बोडके केले, नद्यांना पूर येऊ लागले, आणि 1911 च्या वीक्स कायद्याने नद्यांची उगमस्थानं राखण्यासाठी सरकारला पूर्वेकडे खासगी जमीन विकत घेता येऊ लागली. व्हँडरबिल्ट गेल्यावर त्याच्या बायकोने, एडिथने, सुमारे 87,000 एकर सरकारला एकरी पाच डॉलरच्या आसपास दराने विकली, आणि 1916 मध्ये पिस्गा नॅशनल फॉरेस्ट झालं.

या गोष्टीत एक माणूस असा आहे की ज्याच्यामुळे मला पिस्गाचं आणि आपलं जंगल वेगळं करून बघताच येत नाही. डीट्रिश ब्रँडिस. बॉनचा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ. 1856 मध्ये ब्रिटिशांनी त्याला ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर नेमलं आणि 1864 मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. आपल्या वनखात्याची घडी त्याने बसवली. निवृत्त होऊन तो बॉनला गेला, तेव्हा गिफर्ड पिंचो नावाचा एक अमेरिकन तरुण वनशास्त्र शिकायला युरोपात आला होता. ब्रँडिसने त्याला हाताशी धरलं. पिंचो परत येऊन व्हँडरबिल्टच्या जंगलावर कामाला लागला. त्याच्यानंतर तिथे आलेला कार्ल शेंक हाही ब्रँडिसचाच शागीर्द. शेंकने 1898 मध्ये तिथेच अमेरिकेतली पहिली वनशास्त्राची शाळा काढली. पिंचो 1905 मध्ये अमेरिकी वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. म्हणजे आम्ही ज्या मातीवर उकड खाल्ली तिथल्या वनव्यवस्थेचं मूळ हिंदुस्थानच्या सागवानात आहे.

एकाच गुरूची दोन जंगलं, आणि एकात माझ्यासारखी परदेशातून आलेली बाई कुणालाही न विचारता झोपू शकते, तर दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला मोळी आणायची चोरी. ब्रँडिस स्वतः गावांसाठी वेगळी जंगलं राखावीत या मताचा होता. पण 1878 चा वन कायदा आला तो सरकारी मालकीचा, आणि 1927 चा त्याच वळणावर गेला. अमेरिकेतलं जंगलही सरकारचंच आहे. फरक असा की इथे सरकारने आधी माणसं हलवली, नंतर जंगल सगळ्यांना मोकळं केलं. आपल्याकडे माणसं हलली नाहीत, आणि जंगल सगळ्यांना बंद झालं. मला यातलं एकही डोळे झाकून चांगलं म्हणता येत नाही. मी पिस्गात जाते, जात राहीन, पण त्या धुराड्यापाशी थांबल्याशिवाय आता पुढे जात नाही.

तरी इथली एक गोष्ट मला मनापासून हवीशी वाटते. इथे तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. खड्डा वीतभर खणला की चार बोटं, हे बघायला कुणी येत नाही. राख थंड झाली की नाही, हे तुमच्या हातालाच ठाऊक. आणि बहुतेक ठिकाणी लोक तो विश्वास पाळतात. सगळीकडे नाही, जळके डबे आणि बिअरच्या बाटल्या मीही गोळा करून आणल्या आहेत. आपल्याकडे मधलं काही उरलेलंच नाही. एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला पवना धरणाच्या काठचा तंबूंचा बाजार, स्पीकर, बार्बेक्यू. कोकणकड्यावर जोडून सुट्टी आली की तंबूला तंबू लागतो. रानात राहणं म्हणजे काय हे ज्या पोराला शिकायचंय त्याने जावं कुठे?

इथली पद्धत उचलून तिथे ठेवता येणार नाही, हे मला कळतं. आपली जंगलं लहान आहेत, माणसांनी भरलेली आहेत, बिबटे आहेत, आणि सह्याद्रीत “मोकळी जागा” म्हणून दाखवाल ती कुणाची तरी चराई किंवा देवराई निघेल. पण वाट अगदीच नाही असंही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो 2009 मध्ये मिळाला आणि आपला बांबू कधी, किती तोडायचा हे ते गाव स्वतः ठरवू लागलं. ज्या गावाला बांबूचा हिशेब ठेवता येतो त्याला पाच तंबूंचाही ठेवता येईल. कुठे राहायचं, विस्तव लावायचा की नाही, काजव्यांच्या दिवसांत कोणता उतार बंद, हे त्या गावाइतकं कुणाला ठाऊक? शहरातून येणाऱ्याने परवाना वनखात्याचा घ्यावा, पण शब्द गावाला द्यावा. बाबांना हे पटतं, फक्त ते म्हणतात गावाला आधी विचारा, परस्पर ठरवू नका.

ते परत गेले आणि त्याच वर्षी 27 सप्टेंबरला हेलीन वादळ या डोंगरांवर येऊन कोसळलं. काही ठिकाणी तीन दिवसांत 30 इंचांच्या आसपास पाऊस झाला. कडे सुटले, रस्ते वाहून गेले, जंगलाचे मोठमोठे भाग बंद करावे लागले. पुढच्या मार्चमध्ये दक्षिणेकडच्या पोक काउंटीत आगी लागल्या, आणि वादळाने आडव्या झालेल्या झाडांनी त्यांना भरपूर सरपण पुरवलं. त्या दिवसांत फोनवर बाबांचा पहिला प्रश्न असायचा, “ते धुराडं राहिलं का गं?” राहिलंय. पायरीचा चिरा मात्र गेला. खालच्या बाजूची आमची तपकिरी पाटीची जागाही ओढ्याने खाल्ली. तिथे आता गोटे आहेत.

डिसेंबरात मी घरी जातेय. बाबांनी रतनवाडीत ओळखीच्या घरी पडवी सांगून ठेवली आहे. दिवसा अमृतेश्वराच्या देवळापाशी बसायचं, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, आणि त्यांना विचारायचं की बाहेरच्या लोकांनी तुमच्या रानात राहावं असं तुम्हाला वाटतं का, वाटत असेल तर कुठे आणि कोणत्या अटींवर. बाबांनी वहीत प्रश्न लिहून काढलेत. विस्तवाचा प्रश्न पहिला आहे.